तिसरा उद्गार

फरीदाबाद,
२० मार्च २०२५

चि. कुमुदला,
प्रभूच्या नावाने सलाम, वि. वि.

तुझे पत्र पोचले. साधनाची प्रकृती आहे तशीच आहे. ती मला आता कोणी परका गृहस्थ समजते. घाबरत नाही, एवढे बरे.

येथील मराठी चर्चच्या मंडळीने उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत प्रभूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांपैकी तिसऱ्यावर बोलण्याचे माझ्याकडे सोपवले होते. मरताना प्रभू आपली आई शिष्याच्या हाती देतो, तो. मी नकार कळवला. उपासना तीन तासांची. तेवढा वेळ साधनाला कोणावर सोडू?

तू येऊन राहण्याचे लिहितेस. आभारी आहे, परंतु मान्य नाही. वेदीपुढे लग्नाचे वचन मी दिले, माझ्या बहिणीने नव्हे. व्यक्तिगत वचन दुसऱ्याकरवी पाळता येत नाही. विधी मंत्रालयात आयुष्यभर मसुदे तपासले. यात मला छिद्र सापडत नाही. थकवा येतो, पण थकवा हा युक्तिवाद नव्हे.

तुझा स्नेह आहे, तो तसाच राहो.
गुणवंतदादा

नाशिक,
२८ मार्च २०२५

ती. दादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

नकार देण्यापूर्वी उतारा उघडलास का? न वाचता बोलले की लहानपणी तू मला उभे करायचास. प्रभूला घरी भाऊ होते, मार्काने आपल्या शुभवर्तमानात त्यांची नावेसुद्धा दिली आहेत. तरी थोरल्या मुलाचे कर्तव्य त्याने एका शिष्याकडे सोपवले. त्याला वचनभंग म्हणायची हिंमत आहे का तुझी?

आता तू लिहिशील, तो मरत होता, मी नाही. तुझी नात मैत्रेयी गुरुग्रामहून आली होती, तेव्हा भात गॅसवर ठेवून तू बसल्या जागी झोपलास. पातेले कोळसा झाले आणि वर तिलाच सांगितलेस की बिल्कुल काही झाले नाही. बिल्कुल! दिल्लीने मराठीही दमवली तुझी.

वहिनी मला ओळखणार नाही, ठाऊक आहे. अरे, मी परिचारिका होते. अनोळखी माणसांना अंघोळ घालण्यातच माझी सारी नोकरीची वर्षे गेली. तिकीट काढू का? हो किंवा नाही एवढेच लिही. मसुदा नको.

रागावलास तरी चालेल, माया आटू देऊ नकोस.
कुमुद

फरीदाबाद,
५ एप्रिल २०२५

चि. कुमुदला,
सलाम, वि. वि.

तुझा युक्तिवाद तपासला. भावांचा मुद्दा खोडता येत नाही. एकच हरकत उरली: मुलाने सोपवले, शिष्याने स्वीकारले, त्या आईला मात्र कोणी विचारल्याची नोंद नाही. तेव्हा साधनाला विचारणे मला बंधनकारक वाटले. उत्तराची अपेक्षा नव्हती.

काल सकाळी तिचे केस विंचरताना विचारले, की मदतीला एक बाई येऊन राहिली तर चालेल का. तिने फणी माझ्या हातातून काढून घेतली आणि पाहुण्यांशी बोलावे तशा अदबीने म्हणाली, की अवश्य येऊ द्या. मग आवाज खाली आणून म्हणाली, की तुम्ही तरी परक्याच्या घरी किती राबणार, तुमच्या घरी बायको वाट पाहत असेल, तिच्यापाशी जाऊन जरा बसा.

मी बरे म्हणालो आणि तेथेच, तिच्या शेजारी बसलो.

तिकीट काढ.

लोभ धरावा, एवढेच मागतो.
दादा