मानेत अडकलेला घड्याळजी

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (मान वाकवली की कपाळात घण बसतात, म्हणून आठांतलं एक अंग वजा धर.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे मी सोडून सगळे.

हृदयाची झडप बदलून सहा महिने झाले. नवी झडप वाजते. शांत खोलीत टिकटिक चक्क ऐकू येते. मी पडलो घड्याळं दुरुस्त करणारा, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करू? पण ऑपरेशनपासून अर्धशिशी हात धुऊन मागे लागली आहे. आठवड्यातून दोनदा तरी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचतो आणि पाव तासात अर्धं डोकं ठणकू लागतं. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू, म्हणून डोकेदुखीची जुनी गोळी बंद. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, झडप झकास आहे, डोक्याचं डोकंवाल्यांना विचारा. डोकंवाले म्हणतात, आधी हृदयवाल्यांची चिठ्ठी आणा. मी दोघांच्या मधे, म्हणजे साधारण मानेत, अडकलोय. (डोक्याचा एक स्कॅनही लिहून दिलाय, पण ते असो.)

डोकंवाल्यांनी वही ठेवायला सांगितली: दुखण्याआधी काय खाल्लं, कसला वास आला, कसला आवाज झाला. ती वही तुझ्या भावजयीच्या हाती पडली. झालं! कांदा परतणं बंद, अत्तर बंद, कुरकुरणारा पंखा बंद, खिडक्यांना काळे पडदे. तरी डोकं दुखतंच. आता दर वेळी दुखण्याआधी हजर असणारी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे ती स्वतः. हे मात्र मी वहीत लिहिलेलं नाही. अर्धं डोकं दुखत असलं तरी उरलेलं अर्धं शाबूत आहे.

परवा तर शोभाच झाली. एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई टेबलावरचं घड्याळ दुरुस्तीला टाकून गेल्या होत्या, ते न्यायला आल्या. मी काळा गॉगल लावून, त्यावर भिंग चढवून बसलेला. नागमोडी उजेडात काटे काही दिसेनात, म्हणून घड्याळ कानाशी धरलं. टिकटिक अगदी स्वच्छ! दिलं बांधून. तासाभरात बाई परत आल्या, घड्याळ बंद म्हणून. मी पुन्हा ऐकलं, पुन्हा टिकटिक. त्यांना वर सल्ला दिला की कान तपासून घ्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी मागचं झाकण उघडायला लावलं, तर आत टिकटिक करणारं चक्रच नाही. ते साफ करायला मीच काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं.

"मग वाजतंय कोण?" बाईंनी विचारलं.

"मी," म्हटलं.

"चाळीस वर्षं पोरांचे बहाणे ऐकले," बाई म्हणाल्या, "हा नवीन आहे."

बाकी सगळं ठीक.

तुझा भाऊ

ता. क. बाईंचं घड्याळ आता चालतं. मी लांब उभा राहून खात्री केली.

आणखी एक. तो स्कॅन मी दोनदा पुढे ढकललाय. सोमवारी तिसरी तारीख. झडपेवर धरलेली एखादी गुठळी डोक्यात तर गेली नाही ना, एवढंच बघायचंय म्हणे. एवढंच! मला फार भीती वाटते गं, ताई. हिला काही बोललो नाही, ऑपरेशनच्या वेळीच ती अर्धी झाली होती. तू ये. गुडघे दाखवायला आलीस असं सांगू.

वन्सं, नमस्कार. हे पत्र पाकिटात घालून चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, यावरून डोक्याची अवस्था ओळखा. तारखा पुढे गेल्या तेव्हा दवाखान्यातून फोन मलाच आला होता. तुम्ही नक्की या. स्कॅनच्या खोलीपर्यंत यांच्याबरोबर जा, आणि मग बाहेर बाकावर माझ्याजवळ बसा. मीही घाबरले आहे. तेवढं यांना कळू देऊ नका.