दुःखाच्या घरचा फोन

भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
जयंतीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप भिवसनमामा यांना भाचा साहेबराव याचा वाकून जयभीम.

मामींनाही माझा जयभीम सांगा. गुडघा कसा आहे? सिल्लोडच्या डॉक्टरनं दिलेला पट्टा तुम्ही गुडघ्याला न बांधता मोटारीच्या पाइपाला बांधला, असं मामींनी सत्यभामाला कळवलं. खरं असेल तर निदान पाइप गळायचा थांबला का, तेवढं सांगा. मका विकली की अजून भावाची वाट बघत घरात ठेवली आहे? (उंदीर भावाची वाट बघत नाहीत, हे मी मागच्या साली सांगितलं होतं.) आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना साहेबरावला पत्र लिहायची हुक्की कुठून आली. मामा, त्या फोनचंच सांगायचं आहे. गेले काही दिवस तो हातात घ्यायचं मी टाळतो. घरात वाजला तर सत्यभामा उचलते, आणि मी परसात जाऊन उगाच तुळशीला पाणी घालतो. त्या तुळशीची मुळं आता कुजायला लागली आहेत.

आमच्या गच्चीवरच्या खोलीत ब्रह्मदेशाचे भन्ते नंदिय राहतात, ते तुम्हाला आठवत असतील. तुम्ही आला होता तेव्हा ज्यांनी तुमची काठी धरून तुम्हाला जिना उतरवला, तेच. विद्यापीठात पालीचा अभ्यास करतात. पाली त्यांना आधीपासून येत होती, मराठी मात्र इथं आल्यावर शिकले, तीही शेजारच्या द्वारकाबाईंकडून. त्यामुळं इतका विद्वान माणूस विभागात प्राध्यापकांसमोर उभा राहून ‘लई ऊन हाय, सर’ म्हणतो. स्वभावानं इतके गरीब की टाकीतलं पाणी संपलं तर खाली येऊन सांगत नाहीत, आपल्यालाच एकदा वर जाऊन विचारावं लागतं. गावाकडं त्यांची आई आणि एक धाकटा भाऊ. भाऊ मंडाले शहरात गवंडीकाम करायचा आणि दर रविवारी फोन करायचा. तेव्हा वरून हसण्याचा आवाज यायचा. एरवी भन्ते हसतात ते आवाज न करता.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी विशाखा शाळेतून आली ती फोन समोर धरूनच. ब्रह्मदेशात मोठा भूकंप झाला होता, आणि मंडालेचंच नाव पुढं येत होतं. मी चपला न घालता वर गेलो. भन्ते खाटेवर बसून आईचा आणि भावाचा नंबर आळीपाळीनं लावत होते. ‘अजून काय कळलं नाय, साहेबराव,’ म्हणाले. इथंच मी थांबायला हवं होतं. पण मामा, तुम्ही मला ओळखता. किल्लारीच्या वेळी पिशोरच्या बायकांनी रात्रभर भाजलेल्या भाकरी घेऊन तुम्ही ट्रकवर बसून गेला होता, त्या ट्रकवर मीही होतो. माणसाच्या दुःखात घरात बसून राहायची आपल्या घराण्याला सवय नाही. मी खाली आलो आणि द्वारकाबाईंना सांगितलं. द्वारकाबाईंना सांगितल्यावर आणखी कुणाला सांगायची गरज पडत नाही.

दिवेलागणीला अर्धी गल्ली आमच्या गच्चीवर होती. आपल्याकडं दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, तशी प्रत्येक घरातून पिठल्याची पातेली आली. विशाखा माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘बाबा, भन्ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत.’ मी तिला म्हणालो, दुःखात चालतं. (चालत नाही. भन्तेंनी प्रत्येक पातेल्याला हात लावून मान लववली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते दगड झालेलं पिठलं एकट्यानं खाल्लं. फेकू दिलं नाही.) द्वारकाबाई आल्या त्या जिन्यापासूनच हंबरडा फोडत. दुःखातल्या माणसाच्या गळ्यात पडून रडायची त्यांची रीत, पण भन्तेंना बाईमाणसानं शिवायचं नसतं, म्हणून त्या सत्यभामाच्या गळ्यात पडल्या आणि सत्यभामाच्या हातातला चहा माझ्या पाठीवर सांडला. भन्ते प्रत्येकाला सांगत होते, ‘बसा, बसा. अजून काय कळलं नाय.’ आणि प्रत्येक जण डोळे पुसत म्हणत होता, ‘व्हय व्हय, धीर धरा.’ कुणी गेलेलं आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं, मामा, आणि आम्ही दुःखाला बसून मोकळे झालो होतो.

आता माझं काम. तुम्हीच शिकवलेलं. पिशोरात कुणी गेलं की किराणा दुकानातल्या त्या एकुलत्या एक फोनपाशी तुम्ही स्टूल टाकून बसायचे. घरच्या माणसाला तीच तीच हकीकत दहा ठिकाणी सांगायला लागू नये म्हणून येईल तो फोन तुम्ही घ्यायचे, दोन वाक्यांत निरोप द्यायचे आणि ठेवायचे. इथं आल्यावर ती गादी मी चालवली. भावसिंगपुऱ्यात कुणाकडं काही झालं की लोक मला बोलावतात, मी पहिल्यांदा घरच्या कर्त्या माणसाचा फोन काढून घेतो, दारात उभा राहतो आणि येईल त्याला सांगतो, ‘झालं. उद्या सकाळी नेणार. बाकी भेटल्यावर.’ कुणी रडायला लागला तरी मी ठेवतो, कारण मागं दुसरा थांबलेला असतो. याचा मला अभिमान होता, हे आता लिहितानाही लाज वाटते.

तर भन्तेंच्या हातातला फोन मी घेतला. ‘किती वेळ त्याच्याकडं बघताल, जरा टेका. मी हाय खाली,’ असं म्हणालो. त्यांनी दिला. लगेच नाही दिला, हेही सांगतो. आधी माझ्याकडं बघितलं, मग जमलेल्या लोकांकडं, आणि एवढी माणसं आपल्यासाठी आली आहेत, त्यांच्यासमोर नाही कसं म्हणायचं, या भिडेनं दिला. मी खाली दारात येऊन उभा राहिलो. विभागातल्या मुलांचे फोन आले, एका प्राध्यापकांचा आला, सगळ्यांना व्यवस्थित सांगितलं. मग एक लांबलचक परदेशी नंबर आला. मी उचलला. पलीकडून एक पुरुषाचा आवाज काहीतरी बोलत होता. मला एक अक्षर कळलं नाही. पण न कळलं म्हणून गप्प बसेल तो साहेबराव कसला? मी हिंदीत सांगितलं, ‘भन्ते ठीक है. अभी लोग बैठे है. कल सुबह लगाव.’ त्याला समजलं नाही असं वाटलं म्हणून तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. (परदेशी माणसाला ओरडून बोललं की मराठीसुद्धा समजतं, असा माझा आजवरचा समज होता.) आणि ठेवला.

लोक गेल्यावर फोन परत देताना मी सहज म्हणालो, तुमच्याकडचा कुणाचा तरी आला होता, मी सांगितलं उद्या लावा म्हणून. भन्तेंनी नंबर बघितला. भावाचा होता. त्यांनी लगेच लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री झोपलो असतो. ते म्हणाले, ‘तुम्ही जेवलात का, साहेबराव?’

पुढचे दिवस मी माझ्या फोनवरून तो नंबर लावत बसलो. बाहेरदेशी फोन लागायची सोय विशाखानं करून दिली. उठल्यावर लावायचा, दाढी करताना लावायचा, भाजी आणायला गेलो की मेथीच्या जुडीपाशी उभं राहून लावायचा. पलीकडून एक बाई त्यांच्या भाषेत तेच वाक्य बोलायची, आणि ते मला इतकं पाठ झालं की एकदा विहारात वंदना घेताना तोंडात तेच आलं. भन्ते म्हणायचे, ‘राहू द्या, लागल तवा लागल.’ ते सकाळी विद्यापीठात जायचे, संध्याकाळी यायचे, खोलीत दिवा न लावता बसायचे.

आणि एके दिवशी लागला. सकाळची वेळ, भन्ते विद्यापीठात. पलीकडं बाईमाणूस, म्हातारा आवाज. आईच असणार, हे कळायला भाषा लागत नाही. भन्तेंच्या फोनवर लावायला सांगावं, तर कोणत्या भाषेत सांगू? आणि ठेवला तर पुन्हा लागेल याची हमी कोण देणार? एकदा ठेवून बघितलाच होता. मी फोनचा आवाज मोठा केला, सदऱ्याच्या खिशात घातला, स्कूटरला लाथ मारली आणि निघालो. मकबऱ्याच्या रस्त्यानं ओरडत चाललो होतो, ‘आई, ठेवू नका! ठेवू नका, आई!’ खिशातून ती काहीतरी विचारत होती. आवाज घाबरलेला. ठेवेल असं वाटलं. मग काय सुचलं कुणास ठाऊक, मी जोरात म्हणालो, ‘बुद्धं सरणं गच्छामि.’ ती थांबली. आणि खिशातून तेच परत आलं. उच्चार त्यांच्याकडचा, निराळा, पण तेच. मी ‘धम्मं’ म्हटलं, तिनं म्हटलं. मी ‘संघं’ म्हटलं, तिनं म्हटलं. ‘दुतियम्पि’ला बेगमपुरा आला. तिथं एक रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, ‘चचा, फोन पे पूजा चल री क्या?’ त्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता, ‘ततियम्पि’ चालू होतं. गतिरोधक आला की दोघांचाही सूर हलायचा. विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरेपर्यंत आमचं तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू झालं होतं.

भन्ते विभागासमोर लिंबाखाली उभे होते. मी फोन हातात दिला. ऐकता ऐकता ते तिथंच मातीत बसले. मी लांब गेलो. बोलणं संपल्यावर त्यांनीच हाक मारली आणि सगळं सांगितलं. भावाला भिंतीखालून काढून दवाखान्यात नेलं होतं, आत जागा नव्हती म्हणून आवारात झोपवलं होतं. तिथं त्याच्याशेजारी बसलेल्या माणसानं नंतर त्याचा फोन आईला नेऊन दिला आणि सांगितलं, की भावानं पडल्या पडल्या आधी आईला फोन लावला, तो लागला नाही. मग भन्तेंना लावला. तो लागला, आणि मी घेतला. त्या रात्रीतच तो गेला.

मामा, माझ्या हातून फार वाईट झालं. गल्लीत कुणाला हे माहीत नाही. लोक अजून म्हणतात, साहेबरावनं परक्या मुलखाच्या माणसासाठी केवढं केलं, आणि मी मान हलवतो. भन्तेंनी मला बोल लावला नाही. लिंबाखाली फक्त एक विचारलं, ‘त्याचा आवाज कसा व्हता?’ मी सांगितलं, शांत होता. निवांत बोलत होता, दादाची चौकशी करावी तसा. भन्ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, ‘बरं झालं.’ आईलाही त्यांनी तेच कळवलं, आणि तेव्हापासून ती जेवायला लागली म्हणतात.

परवा मागच्या गल्लीत एक म्हातारे गेले. मला बोलावणं आलं, मी गेलो, पण फोन घेतला नाही. ज्याचा त्याच्या हातात राहू दे म्हणालो. त्यामुळं तिघा भावांनी तीन वेळा सांगितल्या आणि पाचोडचे पाहुणे सगळं आटोपल्यावर पोचले. त्याबद्दल लोक मला नावं ठेवत आहेत. ठेवू द्या.

प्रकृतीला जपा. पट्टा गुडघ्याला बांधा. मामींना जयभीम, पोराबाळांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
साहेबराव

ता. क. द्वारकाबाईंनी ब्रह्मदेशाला पाठवायला गल्लीतून गोधड्या गोळा केल्या, त्या आमच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत रचल्या आहेत. तिकडं आपल्यापेक्षा जास्त उकडतं, हे भन्तेंनी सगळी गाठोडी शिवून झाल्यावर भीत भीत सांगितलं. पिशोरात कुणाला हव्या असतील तर कळवा, पण द्वारकाबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका.

ता. क. २. हे मामींना वाचून दाखवू नका. आवाज शांत नव्हता, मामा. तो धापा टाकत होता आणि रडत होता. मागं बायका ओरडत होत्या, आणि तो एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी दुसऱ्यांदा ओरडून ‘कल सुबह’ म्हणालो तेव्हा तो एकदम गप्प झाला आणि मग हळूच ‘ओके, ओके’ म्हणाला. तेवढंच मला कळलं. वैशाख पौर्णिमेला भन्ते तुमच्या विहारात येणार आहेत. ते माझं नाव काढतील. सरळ नाही, पण आडून आडून विचारतील. तुम्ही आजवर खोटं बोलला नाहीत हे मला माहीत आहे, तरी हात जोडतो. त्यांना एवढंच सांगा, की आमचा साहेबराव फोनवर ऐकलेलं जसंच्या तसं सांगतो.