सातखोलला गाडी थांबेपर्यंत

१२ जानेवारी, रविवार
समिती स्थापन झाली. नाव : सातखोल पॅसेंजर पुनरारंभ कृती समिती, बोरीवली. अध्यक्षपदी माझी एकमताने निवड. सभेला बाळा मेस्त्री, बाळाचा पुतण्या सर्वेश आणि सोसायटीचा वॉचमन. वॉचमन गोरखपूरचा, पण रेल्वेचा प्रश्न सगळ्यांचाच असतो. त्यानेही हात वर केला. नंतर कळलं, तो हॉलचे दिवे घालवू का विचारत होता.

समितीचा इतिहास पुढे लिहावा लागेल म्हणून नोंद करून ठेवतो. लॉकडाऊनमध्ये आमची पॅसेंजर बंद झाली ती झालीच. एक्स्प्रेस गाड्या सातखोलला थांबत नाहीत, नुसता वारा घालून जातात. गावाला माझा मोठा भाऊ लवूदादा एकटा असतो. पूर्वी पॅसेंजरने यायचा, फणस घेऊन. आता येत नाही. त्याला बस चालत नाही. दर थोड्या वेळाने लघवीला जावं लागतं आणि बसवाला त्याच्यासाठी थांबत नाही. पॅसेंजरमध्ये संडास होता. एवढी साधी गोष्ट आहे, पण वरपर्यंत कोणी पोचवली नाही.

संकल्प : पॅसेंजर सुरू होईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही वाहनाने सातखोलला पाऊल ठेवणार नाही. अध्यक्षच लक्झरी बसमधून उतरला तर लोक काय म्हणतील.

बायकोला, सुगंधाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, वहिनीच्या बाराव्यानंतर ठेवलंय कधी पाऊल?

मुद्दा तो नाही.

३ फेब्रुवारी
व्हॉट्सॲप ग्रुप काढला. 'सातखोल पॅसेंजर – फक्त कामाचे मेसेज'. प्रतिसाद जोरदार. सकाळपासून तेरा गुलाबाची फुलं, दोन समया आणि आंब्याच्या पेटीची ॲडव्हान्स बुकिंग. मी लिहिलं, कृपया विषयाला धरून बोलावं. त्यावर मुलुंडच्या एकाने अंगठा दाखवला आणि ग्रुप सोडला.

चळवळीत गळती होतेच.

१९ फेब्रुवारी
रेल्वेच्या ऑफिसात जाऊन आलो. निर्णायक चर्चा. साहेब जागेवर नव्हते, पण त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. सातखोल कुठे आलं विचारलं. मी कागदावर नकाशा काढून दाखवला. त्या म्हणाल्या, हे आमच्याकडे येत नाही, पण अर्ज ठेवून जा.

ठेवून जा म्हणाल्या. परत न्या म्हणाल्या नाहीत. येताना बाळाला हा फरक समजावून सांगितला. बाळा म्हणाला, नंद्या, आपण लिंबू सरबत पिऊया का?

पाय दुखतायत. लवकर झोपतो.

९ मार्च
दादाचा फोन. तालुक्याच्या डॉक्टरने प्रोस्टेटचं ऑपरेशन सांगितलंय. मुंबईला करा म्हणाला. दादा म्हणाला, नंदू, येवचा कसा ता सांग.

मी म्हटलं, दादा, थोडं थांब, फाईल हलली आहे.

दादा म्हणाला, खंय हलली?

मी सविस्तर सांगितलं. मॅडम, नकाशा, सगळं. दादाने मध्येच फोन ठेवला. त्याला जायला लागलं असणार.

सुगंधा म्हणाली, तू जाऊन घेऊन ये ना त्याला. मी संकल्पाची आठवण करून दिली. ती भांडी बराच वेळ घासत होती.

२८ मार्च
साखळी उपोषण. बोरीवली स्टेशनबाहेर, पूर्वेला. मला ॲसिडिटी आणि बाळाला शुगर, म्हणून प्रत्येकाने नाश्ता ते जेवण एवढंच बसायचं, पण कडक. बॅनर छान झाला होता. वारं असल्यामुळे धरून बसावा लागला.

लोकांचा सहभाग उत्स्फूर्त. एका बाईंनी विचारलं, पासाची खिडकी कुठे. एका गृहस्थाने माझ्या पुढ्यात दहाची नोट टाकली. मी ती परत द्यायला उठलो तर बॅनर बाळाच्या डोक्यावर आला. पोलीस म्हणाला, काका, सावलीत बसा, ऊन बाधेल. यंत्रणेची सहानुभूती आहे. फक्त वर पोचत नाही.

बारा वाजता सर्वेश येऊन बाळाला घेऊन गेला. मी एकटाच थोडा वेळ बसलो. कंटाळा आला. म्हणजे, थकलो.

११ एप्रिल
सुगंधा सातखोलला गेली. रात्रीच्या बसने, एकटी. मला विचारलं नाही, सांगितलं.

समजवायचा प्रयत्न केला की अध्यक्षाच्या घरातूनच बसने प्रवास झाला तर चळवळीला तडा जातो. म्हणाली, फ्रीजमध्ये डाळ आहे, गरम करून खा.

१३ एप्रिल
दादा आला. सुगंधाने तिकडून गाडी केली. ड्रायव्हर कृणाल म्हणून कोणी वेंगुर्ल्याचा. दादा म्हणेल तिथे थांबवत आणली म्हणे. पंपावर, धाब्यावर, एका शाळेच्या मागे. दादाला काही लाज वाटली नाही, कृणालने वाटू दिली नाही.

दादा वाळलाय. दारातून आत येताना माझ्या खांद्याला धरलं, ते जेवायला बसेपर्यंत सोडलं नाही. म्हणाला, गाडी कधी सुटता मगे आमची?

म्हटलं, होतंय.

हे इतकं सोपं होतं तर आधीच का केलं नाही, असं अपूर्वा फोनवर म्हणाली. आमची मुलगी अंधेरीला एका ऑफिसात मॅनेजर आहे, तिला सगळं सोपं वाटतं. एका माणसाला गाडी करून आणणं म्हणजे प्रश्न सुटणं नव्हे. मी धोरणात्मक पातळीवर काम करतोय.

२४ एप्रिल
ऑपरेशन झालं. व्यवस्थित. आत नेताना दादा मला शोधत होता असं सुगंधा म्हणते. मी खाली कँटीनमध्ये होतो. खासदारांच्या पीएंचा फोन येणार होता, वर रेंज नव्हती. आला नाही.

दादा शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा म्हणाला, धाकूक सांगा, कोंबडी झाकून ठेव. सुगंधाने लगेच फोन लावून सांगितलं. धाकू म्हणजे शेजारी. घराची किल्ली त्याच्याकडे आहे.

१८ जून
रेल्वेचं उत्तर आलं. अखेर. 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. सातखेड येथील पादचारी पुलाचे काम प्रगतिपथावर आहे.'

सातखेड आपलं नाही. विदर्भात कुठेतरी असावं. पण नोंद घेतली आहे आणि काहीतरी प्रगतिपथावर आहे. ग्रुपवर टाकलं. एक समई आली.

दादाला वाचून दाखवलं. तो गॅलरीत बसतो सारखा. तिथून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो. ऐकून घेतलं आणि म्हणाला, पूल होताहा म्हणजे गाडीय येतली.

मी दुरुस्त केलं नाही.

९ ऑगस्ट
आता दादा ठणठणीत. घरी जायचं म्हणतोय. गणपतीला तिथे असायला हवं म्हणतो. घरचा गणपती, बाबांच्या वेळेपासून कधी चुकला नाही.

सुगंधा म्हणाली, कृणालला फोन करते. मी म्हटलं, दादा, निर्णय कुठल्याही क्षणी होईल. एवढे महिने थांबलास, आता पॅसेंजरनेच जा, सन्मानाने. स्टेशनवर हार घालू.

दादाने आधी सुगंधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, नंदू म्हणता तर थांबतंय.

सुगंधा आत गेली. दादाचा माझ्या कामावर विश्वास आहे. बरं वाटलं. खरं म्हणजे फार बरं नाही वाटलं, पण ते ह्या पावसाळी हवेने.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
निर्णय झाला नाही.

गावचा गणपती धाकूने आणला. धाकूच्या मुलाने व्हिडिओ कॉल करून आरती दाखवली. फोन एवढा हलत होता की गणपती कमी आणि त्याच्यावर टांगलेल्या माटवीची काकडी जास्त दिसली. माटवी धाकूनेच बांधली. दादा हात जोडून मोबाइलसमोर उभा राहिला. आरती संपली, कॉल कट झाला, तरी उभाच. सुगंधाने खुर्ची दिली तर म्हणाला, बसतंय गे, घाई काय.

सुगंधाने मोदक केले होते. आमच्यात त्या दिवशी बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी रेल्वेला कडक शब्दांत स्मरणपत्र लिहिलं. मग वाचलं तर तितकं कडक वाटलं नाही. अजून टाकलेलं नाही.

५ ऑक्टोबर
समितीची बैठक. हजर : मी. बाळा दहिसरला नातवाच्या वाढदिवसाला. त्याने फोनवर पाठिंबा दिला.

ठराव : काही नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
विजय.

पॅसेंजर सुरू होतेय. पुढच्या रविवारपासून, पनवेलहून सकाळी. सातखोलला थांबा आहे. नव्या टाइमटेबलमध्ये बऱ्याच छोट्या स्टेशनांना गाड्या परत दिल्यात, त्यात आपलंही नाव. बाळाने फोन करून सांगितलं. त्याला सर्वेशने, सर्वेशला कॉलेजच्या कोणीतरी. मी आधी विश्वास ठेवला नाही, कारण अधिकृतरीत्या मला कळवायला हवं होतं.

बाळा म्हणाला, यार, चाळीसेक स्टेशनं आहेत लिस्टमध्ये, आपण कुठे सगळ्यांसाठी भांडलो. मी त्याला समजावलं, एक वीट काढली की भिंतच हलते.

दादाला सांगितलं. त्याने माझा हात हातात घेतला. मग सुगंधाला म्हणाला, माजी पिशवी खंय ठेवलंस गे?

५ नोव्हेंबर
एक अडचण. रविवारी माझा सत्कार ठरतोय. वॉर्डातले एक माजी नगरसेवक पाहुणे म्हणून यायला तयार आहेत, पण त्यांना फक्त रविवार सकाळ मोकळी आहे. हॉलही त्याच दिवशी मिळतो.

म्हणजे पहिल्या गाडीला मी नसेन. दादाला सांगितलं. म्हणाला, तू नाय? नंतर म्हणाला, बरा, तुजा काम म्हत्त्वाचा.

सुगंधा त्याच्याबरोबर जातेय. आठवडाभर राहणार. घर साफ करून देईन म्हणाली.

मी पुढच्या आठवड्यात जाईन. किंवा डिसेंबरमध्ये, थंडीत.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपार
सत्कार पार पडला.

पाहुणे आले नाहीत. अचानक दुसरा कार्यक्रम निघाला. बाळा आला नाही. फोन केला तर मागे इंजिनाचा आवाज. पनवेलला चढला होता, दादा आणि सुगंधाबरोबर. मला आधी सांगितलं नाही. म्हणाला, नंद्या, सॉरी रे, पण पहिली गाडी आहे ना. खिडकी मिळाली.

अपूर्वा रिक्षा खाली उभी ठेवून आली. शाल तिनेच घातली. फोटो काढायला कोणी नव्हतं म्हणून एका हाताने शाल, एका हाताने सेल्फी. त्यात मी अर्धाच आलोय. मग हॉलवाले म्हणाले, अकरापासून बारशाचं बुकिंग आहे, फुगे लावायचेत. आम्ही निघालो. ती रिक्षात बसताना म्हणाली, बाबा, तुम्हीपण जायला हवं होतं.

भाषण वाचायचं राहिलं. जपून ठेवतो.

घर फार शांत आहे. फ्रीजमध्ये डाळ आहे.

९ नोव्हेंबर. संध्याकाळ
दादाचा फोन. पोचले. दादाचा आवाज इतक्या मोठ्याने येत होता की मी फोन कानापासून लांब धरला. तीनदा संडासला गेलो, म्हणाला, कोणाक थांबवूक सांगूचा लागला नाय. सातखोलला गाडी थांबली, बरीच माणसं उतरली. कॉलेजची पोरं, मासेवाल्या बायका, एक बाई पोराला दवाखान्यातून घेऊन आलेली. कोणीतरी नारळ फोडला. सगळे विचारत होते, ही गाडी कोणी सुरू केली.

मी वाट बघत होतो. विचारलं, मग तू काय सांगितलंस?

दादा म्हणाला, मी सांगलंय, माज्या भावान.

उठून उभा राहिलो. गॅलरीत गेलो. म्हटलं, मग? लोक काय म्हणाले?

दादा हसायला लागला. म्हणाला, काय म्हणतले. ती पोरा माजा तोंड बघूक लागली. म्हणतत, लवूकाका, तुमका भाव आसा?

दादाला ती गंमत वाटली. बराच वेळ हसत होता. मीही थोडं हसलो. नव्या पोरांना माहीत नसतं, आणि बॅनरवर माझा फोटो टाकायला हवा होता, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. तसं त्याला सांगायला तोंड उघडलं, पण तो आधीच बोलला.

म्हणाला, नंदू, कधी येतलंस? आता गाडी आसा.