ग्रिल का तापत नव्हतं

पेठ वडगाव,
मंगळवार

प्रिय सयाजी,

चार दिवसांसाठी म्हणून वडगावला आले, त्याला आज अठरावा दिवस. तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी गुडघा दुखतोय म्हणाले. गुडघा दुखतो हे काही खोटं नाही. पण या वयातल्या बाईचा गुडघा म्हणजे फोडणीतला कांदा, कुठल्याही कारणाला चालतो. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, ही आपली लहानपणापासूनची रीत. कागदाला मधे तोडता येत नाही, म्हणून कागद घेतला. गल्ल्यावर दुसऱ्या कुणाला तरी बसव आणि हे शेवटपर्यंत वाच. विषय तुझ्या त्या पेलेटच्या ग्रिलचा आहे. बिघडलेलं ते परत सुरू होऊन महिना उलटला, आता त्याचं काय, असं म्हणशील. तेच तर सांगायचंय.

तुझ्या ऋतुराजने ते ग्रिल खानावळीत आणलं तेव्हा मीच पहिली नाक मुरडली होती, आठवतंय का? अठ्ठावीस वर्षं आपण बाभळीच्या निखाऱ्यावर भाजलं, आणि आता हे लोखंडी कपाट. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बोटभर कांड्या एका डब्यात ओतायच्या, आतला स्क्रू त्या पुढे ढकलणार, खालच्या वाटीत त्या जळणार, मागचा पंखा वारा घालणार आणि वर कोंबडी भाजणार. मी म्हटलं, एवढी चाकरी तर सुनेचीपण कुणी करत नाही. सगळ्यात खूश झाली ती अंजना. बावीस वर्षं तिने आपल्या भट्टीचा धूर डोळ्यात घेतला. संध्याकाळी तिचे डोळे बघवायचे नाहीत. ऋतुराजने पुस्तकातनं वाचून दाखवलं आणि आठ दिवसांत त्या यंत्राची नाडी तिला कळली. किती कांड्या, किती वेळ, झाकण कधी उघडायचं. रोज सकाळी गार झालं की ब्रश घेऊन वाटीतली राख काढायची, वाटीची भोकं मोकळी करायची. कुणी सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आक्का, चुलीची राख काढल्याबिगर कधी चूल पेटलीया व्हय?"

खंडेनवमीला आपण सगळ्या हत्यारांची पूजा केली. सुरे, सत्तूर, तुझी गाडी, आणि या वर्षी पहिल्यांदा ते ग्रिल. अंजनाच्या घरी ही पूजा नसते, तिला त्यात यायचं नव्हतं आणि आपणही बोलावलं नाही, हे एकमेकांना माहीत होतं. पण आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने ते ग्रिल घासून असं लखलखीत केलं, की तुला त्यात भांग पाडता आला असता. तू झेंडूचा दुहेरी हार आणला होतास. पुढे अडकवायला जागा नव्हती, म्हणून मागून, पंख्याच्या जाळीतनं ओवून बांधलास. मी हळद-कुंकू हातात घेऊन शेजारीच उभी होते. मला छान दिसलं. दसऱ्याला गिऱ्हाईक तुंबलं तेव्हा हार तसाच ठेवून ग्रिल चालू केलं. दुसऱ्या दिवशी ऋतुराजने सुकलेला हार ओढून काढला, हाताला आला तेवढा टाकून दिला आणि ग्रिल पुन्हा भिंतीला सरकवलं.

तिसऱ्या दिवसापासनं ते तापेना. सव्वादोनशेला लावावं आणि ते एकशे दहावर येऊन बसावं, रुसलेल्या जावयासारखं. त्या दिवशी दुपारी अंजना तुझ्याकडे आली होती. मी कांदे सोलत होते, मी ऐकलंय. "मालक, पंखा घरघरायलाय. आवाज बदललाय बघा त्येचा." तू फोनवर होतास, हाताने थांब म्हणालास, आणि मग ते थांबणं तसंच राहिलं. संध्याकाळी तिने ऋतुराजला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही भाजायचं बघा. पुण्यावरनं कंपनीचा माणूस येणार हाय."

पुढचा रविवार मी कशी विसरेन. चाळीस माणसांची ऑर्डर, सगळे बाहेरगावचे पावणे. तांबडा-पांढरा रस्सा झाला, वाटी वाटी वरपून झाला, आणि मग भाजलेल्या कोंबडीच्या तंगड्या गेल्या. वरनं तांबूस, आणि हाडाजवळ कच्च्या, लाल. त्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने ताट हातात घेऊन आत आणून ठेवलं. तुझं तोंड उतरलं, ते मला बघवलं नाही. पण त्या उतरलेल्या तोंडाने तू जे बोललास ते मी ऐकलं, वाढप्यांनी ऐकलं, आणि आत आलेल्या चार पावण्यांनीही ऐकलं. "हिचा हात लागला आणि मशीन बसलं." सयाजी, तुला रागात काहीही बोलता आलं असतं. आळशी म्हण, चुकार म्हण, झोप काढते म्हण. त्यातनं नेमकं हे तिच्या हाताच्या विटाळाचंच बाहेर आलं. अंजनाने हातातला चिमटा खाली ठेवला. पदराला हात पुसले. डबा न घेता गेली. वाद घातला असता तर बरं झालं असतं. तुला उलट बोलायला जागा मिळाली असती आणि भांडण तिथंच निवलं असतं.

पुण्याचा माणूस आला नाही. ऋतुराज त्याला फोनवर ग्रिलचं तोंड दाखवायचा, पाठ कुणी दाखवली नाही. म्हणून दिवाळीच्या आधीच्या सोमवारी, खानावळ बंद असताना, मी एकटीने ते बघायला घेतलं. काय काय केलं ते ओळीने लिहिते, मुद्दाम लिहिते. आधी राखेची वाटी बघितली. काठोकाठ भरलेली. अंजना गेल्यापासनं आठ दिवसांत कुणी हात लावला नव्हता. राख काढली, भोकं टोकरली, तेव्हा काटा एकशे दहावर आला. त्याआधी तो नव्वदीला होता. म्हणजे अंजना असताना जेवढं तापत होतं, तेवढंही ती गेल्यावर तापत नव्हतं. मग कांड्या बघितल्या. ओल धरली असली की कांडी चुरते, बोटाला भुसा लागतो. या कट्‌दिशी मोडल्या. पोती अंजनाने फळीवर, जमिनीपासनं वीतभर उंच ठेवली होती, त्यांना ओल कुठनं लागणार. मग पेटती उदबत्ती झाकणाच्या कडेकडेने फिरवली. फट असती तर तिचा धूर हलला असता. तो सरळ वर गेला. वायर फ्रीजबरोबर एकाच लांब पट्टीला होती, ती काढून वेगळ्या बटणाला लावली. तरी तेच.

राहिली पाठ. चाकं आहेत म्हणून म्हातारीला ओढता आलं. कागदाचा चिटोरा पंख्यासमोर धरला, तर तो माझ्या श्वासाने हलला तेवढाच. बटण बंद केलं, वायर काढली आणि शिवणयंत्राच्या खणातल्या पेचकसाने जाळीचे चार स्क्रू सोडवले. पंख्याच्या दांड्याला बॉबिनीवर भरावा तसा घट्ट गुंडाळलेला पांढरा दोरा. हाराचा. पात्यांमध्ये झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या, जणू कुणी ठासून भरल्यात. जुन्या ब्लेडने दोरा कापला, पाकळ्या वेचल्या, जाळी लावली. वीस मिनिटांत काटा दोनशे तीसवर. मी एक तंगडी ठेवली. हाडापर्यंत शिजली. मी ती तिथंच उभ्याने खाल्ली, आणि खोटं कशाला बोलू, चांगली लागली.

संध्याकाळी तू आलास, ग्रिल तापलेलं बघितलंस आणि टाळी वाजवलीस. ऋतुराज म्हणाला, पुण्याच्या माणसाने सांगितलं तसं सेटिंग बदललं होतं, त्यानेच झालं असणार. पोराला खरंच तसं वाटलं असेल. तू त्याच्या पाठीवर थाप मारलीस. मी भाकरी थापत होते, थापत राहिले. तू मला विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ऐन दिवाळीत दोष तुझ्या हातच्या हाराचा निघाला असता, आणि तो बांधताना शेजारी उभी असलेल्या माझाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. खानावळ मी सुरू केली खरी, पण विधवा बहीण भावाच्या घरात राहते तेव्हा तिला कुठल्या वेळी गप्प बसायचं ते आपोआप कळतं, कुणी शिकवावं लागत नाही. भाऊबीजेला मी तुला ओवाळलं. तू ताटात साडी घातलीस. चांगली होती, जांभळी, बारीक काठाची. मी घेतली. त्या दिवशी अंजनाच्या चुलीवर काय शिजलं असेल, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं. तुझ्यावर मी कडू झालेय असं तुला हे वाचताना वाटेल. तुझ्यावर निम्मीच झालेय.

इथं येऊन दाराला कडी लावून बसले, तरी ते मनातनं सुटेना. शेवटी गेल्या गुरुवारी एसटीने कोल्हापूरला आले. तुला कळवलं नाही. उतरून थेट अंजनाच्या घरी गेले. तिने चहा केला. मी दोऱ्याचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी सयाजीला घेऊन येते, तो तुझी माफी मागेल, तू परत कामावर ये. ती ऐकत होती. बोलली ती तिची मुलगी, अक्षता. तेव्हा मला कळलं, की कसबा बावड्यात कृष्णातने नवी खानावळ काढलीय, अंजनाला भट्टीवर घ्यायचं त्याने ठरवलं होतं, आणि रीतीप्रमाणे जुन्या मालकाला म्हणजे तुला फोन केला होता. तू म्हणालास, बाई कामाला वाईट नाही, पण यंत्राला हात लावू देऊ नका. कृष्णातकडे सगळी यंत्रंच आहेत. त्याने दुसरी बाई बघितली, ती पुढच्या सोमवारी यायची आहे. सयाजी, ग्रिल सुरू होऊन पंधरा दिवस झाल्यावर तू हे बोललास. तेव्हा समोर कच्ची कोंबडी नव्हती, ताट परत आलेलं नव्हतं. घरच्या खुर्चीत बसून, शांतपणे बोललास.

अंजना मला म्हणाली, "आक्का, माफी नको मला. मालकांनी त्यास्नी तोंडी सांगितलंय, तुम्ही कागदावर लिवून द्या." म्हणून हे पत्र, आणि म्हणून त्यात राखेपासनं दोऱ्यापर्यंत सगळं ओळीने. याच्या दोन प्रती केल्यात. दोन्हींत अक्षर न् अक्षर सारखं आहे, मी साडी घेतली तेपण लिहिलेलं आहे. एक अक्षता आज दुपारी इथं येऊन घेऊन जाईल आणि उद्या सकाळी अंजना स्वतः कृष्णातच्या हातात देईल. तुझी प्रत पोस्टाने टाकतेय, तुला परवा-तेरवा मिळेल. तेव्हा तू फोन उचलशील त्याच्या आधी त्याने हे वाचलेलं असेल. कृष्णात तिला घेईल की नाही, मला माहीत नाही. काल मी कच्चं लिहिलेलं तिला फोनवर वाचून दाखवलं. तिने एकच ओळ काढायला लावली. मी लिहिलं होतं की अंजना आम्हाला परकी नाही, आमच्या घरातलीच आहे. ती म्हणाली, "त्ये खोडा, आक्का. बावीस वर्षं कामाला होती आणि पंखा बिघडलाय हे पयल्यांदा तिनं सांगितलं, एवढंच लिवा." मी ती ओळ खोडली आणि हे तिच्या शब्दांत लिहिलं.

तुझीच,
आक्का

सही: शालन विठ्ठल चौगले