नाणी कोणी घासायची नाहीत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा लॉन्ड्री, राहणार दुकानाच्या वरचा मजला, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आजवर मी कोणाचा दबाव मानल्याचं कोणाला आठवत असेल तर त्याने पुढे यावं. मी पूर्ण भानावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकीलसाहेबांचं म्हणणं, मृत्युपत्रात काय कोणाला एवढंच लिहावं, का ते लिहू नये. त्यांना आमच्या घराची कल्पना नाही. इथे ‘का’ लिहून ठेवलं नाही तर माझी पाठ वळताच वाद सुरू होतील.

कलम १. दुकान, धुलाईची आणि इस्त्रीची यंत्रं, सगळं मुलाला. अट एकच, दुकानाचा नियम मोडायचा नाही. गिऱ्हाइकाच्या खिशात जे सापडेल ते पाकिटात घालायचं, आत काय आहे ते वर लिहायचं आणि कपडा तयार झाला की पाकीट त्यालाच टाचून द्यायचं. चिठ्ठी असेल तर वाचायची नाही, वस्तू असेल तर पुसायची नाही, आणि काय सापडलं ते घरी येऊन बोलायचं नाही. माणसं आपले मळके कपडे उगाच कोणाच्या हातात देत नाहीत.

कलम २. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. बँकेतली शिल्लक सगळी मुलीला, कारण दुकान मुलाला गेलं. मुलाने तोंड वाकडं करू नये. सांगून उपयोग नाही, तरी लिहिते.

कलम ३. माझी नाणी.

हा नाद मला एका कोटामुळे लागला. कोणीतरी कोट धुवायला टाकला आणि न्यायला आलंच नाही. त्याच्या खिशात एक काळंकुट्ट नाणं होतं, वरचा चेहरा झिजून नुसतं नाक उरलेलं, कडेला एक खाच. बरीच वर्षं वाट पाहिली. शेवटी आमच्या यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, “घे, तुला. याचा चहासुद्धा येणार नाही.”

ते कुठलं म्हणून विचारायला मी जुन्या बाजारात गेले. तिथल्या नाणेवाल्याला सगळे जाडभिंग म्हणतात. मी नवशिकी, थेट विचारलं, सगळ्यात जुनं कोणतं आहे? तो हसला. म्हणाला, “बाई, जुनं म्हणजे महाग नव्हे. जे ढिगाने पाडलं ते कितीही जुनं असो, ढिगानेच विकलं जातं. कुलूपवाल्या कपाटाकडे बघू नका. टेबलाखालचा ट्रे ओढा.” त्या ट्रेमध्ये झिजलेली, भोकं पडलेली, कोणाला नको असलेली नाणी असत. दर रविवारी मी भाजीच्या उरलेल्या सुट्ट्या पैशांत एखादं उचलून आणी. घरी आलं की आमचे हे विचारत, “आणलंस का भंगार?” इतकी वर्षं हा एकच विनोद. तोही त्यांना दर वेळी नवा वाटे.

मुलाचं वेगळंच. मोबाइलवर कोणी सांगितलं की जुन्या नाण्याला लाखो मिळतात, आणि याने नव्या ड्रायरची चौकशीही करून ठेवली. त्याला इथे लेखी सांगते, माझ्या सगळ्या डब्याच्या किमतीत ड्रायरचं झाकणसुद्धा येणार नाही. मी ती विकायला जमवलेली नाहीत. कोणाकोणाच्या हातातून फिरली तो काळेपणा त्यांच्यावर असतो, मला तोच हवा होता.

आणि नेमका तोच गेला. गेल्या वाढदिवसाला सुनेने मला आश्चर्याचा धक्का द्यायचं ठरवलं. डबा दुकानात नेला, एकेक नाणं डाग काढायच्या औषधात बुडवलं, ब्रशने घासलं आणि मखमलीवर मांडून समोर ठेवलं. “बघा आई, कशी लख्ख निघाली!” लॉन्ड्रीच्या घरात दुसरं काय सुचणार? जाडभिंगाने ती पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. गेलेला रंग परत येत नाही. मी घर डोक्यावर घेतलं. त्यातून माझं पहिलं नाणं त्या मखमलीवर नव्हतंच. विचारलं तर सून म्हणाली, डब्यात होती तेवढी सगळी आहेत. मी म्हटलं, मोरीत घालवलंस आणि वर तोंड करून बोलतेस. तेव्हापासून आमच्यात मीठ आणि साखर एवढंच बोलणं आहे.

सबब सर्व नाणी जाडभिंगाला द्यावीत. त्याने ती ट्रेमध्ये टाकावीत, लोकांचे हात लागून पुन्हा मळू द्यावीत. सुनेला काहीही नाही. हे नजरचुकीने राहिलेलं नाही.

कलम ४. आमच्या यांचा करडा कोट समोरच्या शिंप्यांना द्यावा. त्यांनीच तो शिवला होता.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी कोट बघायला काढला. त्या वाढदिवसाच्या आधीच हे गेले, तेव्हा सुनेने तो धुऊन, कव्हर घालून कपाटात लावला होता. मला ते कव्हर उघडवलं नव्हतं. आज उघडलं. आतल्या खिशाला दुकानाचं पाकीट टाचलेलं होतं. वर सुनेचं अक्षर: “आतल्या खिशातून. नाणं, काळं. पुसलेलं नाही.”

नाक तेच, खाच तीच. भंगार भंगार म्हणणारा माणूस ते डब्यातून काढून छातीशी बाळगून हिंडत होता, आणि मला पत्ता नाही. आता विचारू कोणाला? या माणसाने मला आयुष्यभर असंच वैतागवलं.

सुनेला बोलावलं. विचारलं, इतके दिवस शिव्या खाल्ल्यास, एकदा सांगायचं नाही का? ती म्हणाली, “तुमचं पहिलं नाणं तेच, हे मला काय माहीत, आई? डब्यातलीही सगळी काळीच होती. आणि खिशात सापडलेलं घरी बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.” मग म्हणाली, “बाबांच्या खिशातलं होतं. मी हात कसा लावणार?”

मला रडू आलं. हेही वकीलसाहेब लिहू नका म्हणतात.

कलम ५. खोडाखोड चालत नसल्यामुळे कलम ३ वर तसंच राहील, पण त्यातली वाटणी रद्द समजावी. लख्ख केलेली सर्व नाणी सुनेला. तिने दर रविवारी ती हाताळावीत आणि जाडभिंगाचा ट्रे ओढून एखादं मळकं नाणं त्यांच्यात टाकावं. भाव करायला मी शिकवीन, अजून मेले नाही. मुलाने ड्रायरचा विचार सोडावा.

कलम ४ देखील रद्द. कोट सुनेच्या ताब्यात राहील. काळं नाणं मी पाकिटात घालून त्याच खिशाला परत टाचलं आहे. मी गेल्यावर पाकीट तिने उघडावं. त्यावर तिच्या अक्षराखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं आहे: “गिऱ्हाईक येऊन गेलं. आता हे तुझं.”

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, ते बरोबर आहे, म्हणून सही करते.

सही: लॉन्ड्रीवाली

साक्षीदार: १. समोरचे शिंपी (कोट आता त्यांना मिळत नसल्यामुळे त्यांची साक्ष चालते, असं वकीलसाहेब म्हणाले. शिंप्यांनी कोटाकडे एकदा बघून सही केली.)
२. दाखला देणारे डॉक्टर

ठिकाण: दुकानाच्या वरची खोली
दिनांक: सोमवार, दुकान बंद असतं तो दिवस. तारीख वकीलसाहेब शिक्क्यासोबत घालतील, तेवढं तरी काम त्यांनी करावं.