सुरात ठेवलेलं मॅन्डोलिन

प्रिय दादा,

बाबा गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसतं ‘बरं’ म्हणालास आणि कितीतरी वेळ फोन ठेवला नाहीस. मीही ठेवला नाही. या बाबतीत आपण दोघं त्यांच्यावरच गेलोय.

शेवटपर्यंत बाबा जुन्या घरांना त्यांचे मूळ रंग परत देत होते. गेल्या वर्षी एका दिवाणखान्याची भिंत नखाएवढी खरवडली, थरामागून थर निघाले, तळाशी फिकट हिरवा लागला. मालकाला पांढरा हवा होता. बाबा म्हणाले, “घर तुमचं, पण भिंतीला विचारलंत का?” शेवटी हिरवाच झाला आणि छतावरची वेलबुट्टी त्यांनी स्वतः रंगवली. परक्या भिंतींशी एवढं गोड बोलणारा माणूस तुला मात्र ‘तुझ्या हातात सूर नाही’ म्हणाला आणि तू मॅन्डोलिन ठेवून निघून गेलास.

त्यांच्या संग्रहातल्या बाकी सगळ्या वाद्यांच्या तारा ते सैल ठेवायचे. न वाजणाऱ्या वाद्यावर ताण राहिला की त्याची मान वाकते, हे मला त्यांनीच शिकवलं. आता प्रयोगशाळेत मी तेच मोजते, ताणाखाली लाकूड किती वाकतं ते. तुझं मॅन्डोलिन मात्र ते दर रविवारी सुरात लावायचे. मान किती वाकलीय ते मी मोजून दाखवलं. म्हणाले, “मोजपट्टी, गप बस. तो आला आणि उचललं तर? बेसूर द्यायचं हातात?”

मग त्यांचे कान गेले. लाकूड दातांना टेकवून त्याच्या थरथरीवरून सूर लावायचे, तो चढाच लागायचा. दुपारी ते झोपले की मी तारा गुपचूप उतरवून जागेवर आणायचे. एकदा म्हणाले, “या खुंट्या आपोआप उलट्या फिरतात. घरात भूत आहे, पण कान चांगले आहेत त्याचे.” आणि माझ्याकडे न बघता हसले.

शनिवारी संग्रहालयाची गाडी येतेय. वाद्यं नेण्याआधी सगळ्या तारा सैल हव्यात. बाकीच्यांच्या आहेतच. तुझ्या मॅन्डोलिनच्या खुंटीवर हात ठेवला आणि काढून घेतला. हा ताण त्याला फार दिवस सोसणार नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? तरी या रविवारी मीच ते सुरात लावलं. शनिवारच्या आत ये. वाजवू नकोस हवं तर. तारा सैल करायचं तेवढं तू कर, माझ्याच्याने होत नाही.

तुझीच,
मोजपट्टी