सांदवाडीतली टेकडी

हुडको, भिलाई
१० नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दौलतराव भाऊजींस,
श्यामरावचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. फोनवर तुमाले माहा आवाज ऐकू येत नाही आणि मले तुमच्या "कोण बोलते?"च्या पुढं जाता येत नाही, म्हणून कागदावर लिहून राहिलो. गुडघ्याचं तेल संपलं का? ताईची साखर कशी आहे? (तिले विचारू नका, ती कमीच सांगते. डब्यातले लाडू मोजा.) इकडं आमी सगळे मजेत. हे "मजेत" मी उगीच लिहिलं नाही, त्यामागं आमचं सगळं वर्ष गेलं, तेच सांगतो.

तुमाले माहीतच आहे, जानेवारीत मी रिटायर झालो आणि सेक्टरातलं कंपनीचं क्वार्टर सोडून आमी या घरात आलो. घरामागं वीस बाय तीस फुटांची सांदवाडी. तिथं विटांचे तुकडे, एक गळकी टाकी आणि माणसाएवढं बेशरमाचं रान माजलेलं. एप्रिलमध्ये मी मनावर घेतलं. छत्तीस वर्षं प्लांटच्या रेल मिलमध्ये ड्रॉइंग पाहून काम केलं, मंग घरचं काम बिनाड्रॉइंगचं कावून करायचं? आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. हिले (म्हणजे अंजनाले) वालाचा मांडव, पालक, कढीपत्ता पायजे होता. सूनबाई नीतूनं मोबाइलवर हिरवंगार लॉन आणि झुला दाखवला, "पापाजी, बस इतना ही." मले स्वतःले कमळाचं तळं पायजे होतं, आणि तळ्यातून निघालेल्या मातीची मागच्या भिंतीले टेकडी. कागदावर सगळं बसलं. एवढं छान बसलं की मी तो कागद चार जणांले दाखवला. कपडे वाळवायची दोरी तेवढी राहून गेली, पण ती कोणाच्याच ध्यानात आली नाही. (हिच्या आली होती. पण ही बोलली नाही.)

पंधरा दिवस मी खोदून राहिलो. तळं झालं, टेकडी झाली, लॉनच्या चौकोनी चकत्या बसल्या. टेकडीनं हिचं उन्हाचं ठिकाण गेलं, म्हणून हिनं यंदा कुरडया सैपाकघराच्या मागच्या ओट्यावर चादर टाकून पंख्याखाली वाळत घातल्या. एका रविवारी मी तळं भरायले नळाची नळी सोडली आणि समोरच्या फाटकात पेपर घेऊन उभा राहिलो. तेवढ्यात जुन्या शिफ्टचे भाऊराव भेटले. ते भेटले म्हणजे तुमाले कल्पना आहेच. आमी नाइट शिफ्टच्या चहापर्यंत पोचलो होतो, तेव्हा आतून नीतूची किंकाळी आली. तळं भरून वाहिलं होतं. आता टेकडी मागं, घर पुढं, मंग उतार कुणीकडं? पाणी टेकडीची माती घेऊन ओट्यावर चढलं. दोन दिवस वाळवलेल्या कुरडयांचा परत चीक झाला होता, तोही तांबड्या रंगाचा.

हिनं चादर उचलली, माह्याकडं पाह्यलं आणि एवढंच म्हणाली, "मले एक सांगा, प्लांटमध्येही असंच करत होते का तुमी?" त्यानंतर तीन दिवस अबोला. जेवण वाढे, पण ताट ठेवल्याचा आवाज मोठा येई. भाऊजी, पस्तीस वर्षांच्या संसारात ही माह्यावर ओरडली पुष्कळ, गप्प कधी बसली नव्हती. मले खरोखर भेव वाटलं.

चौथ्या दिवशी शेजारचा भूपेंद्र साहू भिंतीवरून डोकावला. शेतकऱ्याचा पोरगा, दुर्गजवळ त्याची भातशेती. त्यानं माहा नकाशा हातात घेऊन लई वेळ पाह्यला आणि म्हणाला, "कका, कागज त बने हे, फेर पानी ह कागज नइ पढ़े." कागद चांगला आहे, पण पाणी तो वाचत नाही! मंग मले सोडून त्यानं हिले विचारलं, "काकी, धूप कहाँ रहिथे?" ऊन कुठं राहते?

हिनं घरातून रांगोळीचा डबा आणला. चालत गेली, रेघा ओढत गेली आणि भूपेंद्रले सांगत गेली. इथं तीन वाजेपर्यंत ऊन, इथं दोरी. इथं मोरीचं पाणी येते, इथं केळ आणि अळू. सैपाकघराच्या खिडकीले पश्चिमेचं ऊन लागते, तिथं पाइपांचा मांडव, त्याच्यावर वाल, त्याच्याखाली नीतूचा झुला. लॉन दोन चटयांएवढं, "तेवढंच सांभाळता येते." शेवटी तळ्याजवळ येऊन थांबली आणि माह्याकडं पाहून बोलली, "हे बुजवा."

बुजवलं. टेकडी घमेल्या-घमेल्यानं परत खड्ड्यात गेली. उतार भिंतीकडं केला, उरलेल्या फरशांची दोरीपर्यंत वाट केली. आता वालाले शेंगा लागून राहिल्या आहेत. संध्याकाळी आमी दोघं झुल्यावर चहा पितो. ड्यूटीच्या दिवसांत मी घरी असलो की झोपलेला असे, त्यामुळं ही एवढी बोलते हे मले आताच समजलं. बरं बोलते.

ताईले नमस्कार, लेकरांले आशीर्वाद.
तुमचा,
श्यामराव

ता. क. : कोणी इकडं येत असलं तर लाल जास्वंदाची गावरान फांदी पाठवा. नर्सरीतली तीनदा मेली.

ता. क. दुसरा : भाऊजी, मी अंजना. पाकीट चिकटवायचं काम माह्याकडं आलं म्हणून लिहून राहिली. यांनी खोटं काही लिहिलं नाही, पण पहिले तीन महिने लिहिलेच नाही. रिटायर झाल्यावर रोज सकाळी साडेपाचला आंघोळ करून, बूट घालून फाटकाजवळ उभे राहत. कोणाशी बोलत नसत. म्हणून मीच मागची सांदवाडी यांच्या हाती दिली. खड्डा चुकला हे मले पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण माणूस इतक्या दिवसांनी पोटभर जेवून राहिला होता, कशी अडवू? आता बाग झाली, आणि परवा सकाळी यांच्या पायात पुन्हा बूट दिसले. तुमचा गोठा पाडल्यापासून घरामागं जागा रिकामी आहे असं ताई म्हणत होती. तिथं काही बिघडलं आहे असं लिहून यांले महिनाभर बोलावून घ्या. बिघडलेलं नसलं तरी चिंता करू नका, हे आले की बिघडते.